पीपी मेल

इंटरनेट बदललं की मेल का जातो, हे मला आजपर्यंत कुणी धड समजावून सांगितलेलं नाही. दूधवाला बदलला म्हणून आपण घरातलं पातेलं जुन्या दूधवाल्याला देऊन टाकत नाही. दूध त्याचं, पातेलं आपलं. मेलचंही तसंच असणार, असं मी धरून चालले होते. हेच उदाहरण मी टेलिफोन ऑफिसच्या काउंटरवरच्या मुलीला दिलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, इथं पातेलंही आमचंच होतं." मी गप्प बसले. मी सहसा गप्प बसत नाही.

झालं ते असं. आम्ही नाशिक रोडला, जेल रोडच्या बाजूच्या एका जुन्या कॉलनीत राहतो. आम्ही म्हणजे आता मी एकटीच. पण 'मी राहते' म्हणायची जिभेला अजून सवय नाही. सिंहस्थाची कामं निघाली आणि आमच्या गल्लीचा रस्ता उकरला गेला. आधी पाण्याच्या पाइपासाठी उकरला, मग बुजवला, मग ड्रेनेज राहिलं म्हणून पुन्हा उकरला. त्यात टेलिफोनची जुनी तार कुठेतरी तुटली. फोन मुका झाला आणि त्याच्यावरचं इंटरनेटही गेलं. तक्रार केली तर "बघतो" म्हणाले, पुन्हा केली तर "रस्ता होऊ द्या, मग बघतो" म्हणाले. रस्ता काही होईना. शेवटी वैतागून मी केबलवाल्याला बोलावलं. खांबावरून वायर आली, भिंतीवर लुकलुकणारा डबा बसला, आणि सगळं इतकं झरझर चालायला लागलं की जुन्या लाइनीला मी मनातल्या मनात चार शिव्या घालून विसरून गेले.

मेल मात्र चालूच होता, त्याच जुन्या पत्त्यावर. म्हणजे पातेलं आपलंच, याची मला खात्रीच पटली. मग एका रविवारी कॉम्प्युटर उघडला तर मेलच्या जागी लाल अक्षरांत एक वाक्य आलं: हे खातं निष्क्रिय आहे. मी पासवर्ड पुन्हा घातला. निष्क्रिय. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. निष्क्रिय. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसलेल्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "काय म्हणतोय तो?"

काकूंना वाटलं, त्यांच्या मुलाचा मेल आलाय आणि मी तोच वाचतेय. मी सांगितलं, "काही नाही काकू, आज जरा लाइन जाम आहे."

त्या पत्त्यावर माझं स्वतःचं येतं काय, तर वीजबिल आणि कुठल्या तरी साडीवाल्याचा सेल. तेवढंच गेलं असतं तरी मी डोळ्यांतून टिपूस काढलं नसतं. पण तो मेल काकूंचा होता. तो पीपी मेल होता.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, तेव्हा ज्याच्या घरी फोन तो सगळ्या गल्लीचा. लोक लग्नपत्रिकेवर, अर्जावर, मुलाच्या शाळेच्या वहीवर शेजाऱ्याचा नंबर बिनदिक्कत लिहायचे आणि पुढे 'पीपी' असं टाकायचे. फोन आला की आपण खिडकीतून हाक मारायची, आणि शेजारी हात पुसत पळत यायचा. आमच्याकडचा फोन असा सगळ्या कॉलनीचा होता. वरच्या काकांच्या बहिणीचं लग्न आमच्या फोनवर ठरलं आणि काकूंच्या आई गेल्याचा निरोपही आमच्याच फोनवर आला. पुढे मोबाइल आले आणि पीपी हा शब्दच मेला. आमच्या घरात तेवढा तो शिल्लक राहिला, आणि तो काकूंमुळे.

काकूंचा मुलगा सातपूरला एका चांगल्या कंपनीत कायम नोकरीला होता. एक दिवस घरात न सांगता त्यानं ती नोकरी सोडली आणि दूर ईशान्येकडे, डोंगरातल्या एका वसतिशाळेत शिकवायला निघून गेला. काका जन्मभर प्रेसमध्ये. नोटा छापायच्या आणि घरी येऊन चकार शब्द काढायचा नाही, रोज गेटवर झडती द्यायची, आणि वेळ म्हणजे वेळ. कायम नोकरी सोडणारा माणूस त्यांच्या लेखी विहिरीत उडी मारणाराच. "शिकवायचंच होतं तर इथं पेठ-सुरगाण्याला पाडे कमी होते का?" असं ते म्हणाले. यात चुकीचं काही नव्हतं; पण ते ज्या आवाजात म्हणाले तो आवाज खाली माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आला. शेवटी "या घरात तुझा फोन नको" म्हणाले, आणि मुलगाही त्यांचाच. त्यानं खरंच फोन केला नाही.

काकांच्या घरात मोबाइल एकच, तो काकांच्या खिशात. पण मुलाला आमचा मेल ठाऊक होता. कॉलेजात असताना आमचा कॉम्प्युटर त्यानंच तर जोडून दिला होता. तिकडे रेंज येते-जाते, म्हणून शाळेच्या कामाला खालच्या गावात उतरला की तो तिथून मेल लिहायचा. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. काकूंना ते वाचता यायचं नाही. रविवारी काका भाजी आणायला गेले की काकू खाली यायच्या, मी मोठ्यानं वाचायची, त्या सांगायच्या ते मी तशाच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. इतकी वर्षं हे चाललं. काकांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही.

शेवटच्या मेलमध्ये त्यानं लिहिलं होतं की, ही शाळा सोडून आणखी आत, नव्या शाळेवर चाललोय, तिथला पत्ता आणि नंबर पुढच्या मेलमध्ये कळवतो. तो पुढचा मेल आता त्या लाल अक्षरांच्या पलीकडे कुठेतरी पडून होता. आणि त्याचा मेलचा पत्ता? मी नेहमी त्याच्या मेलखालचं उत्तराचं बटण दाबायची. पत्ता वेगळा लिहून ठेवावा असं कधी मनातच आलं नाही. हाकेच्या अंतरावरच्या माणसाचा पत्ता कोण लिहून ठेवतं? काकूंना सगळं खरं सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "म्हंजी आता तो कुठं हाय, ते आपल्याला म्हाईतच नाय."

मग मी पदर खोचला. वेबसाइटवर गेले. तिथं 'पोर्टल' वेगळं, 'वेबमेल' वेगळं, दोन्हीचे पासवर्ड वेगळे, आणि दोघेही मला एकमेकांकडे पाठवत. पासवर्ड विसरलात का, असं प्रेमानं विचारलं होतं, म्हणून तिथं दाबलं. उत्तर आलं, की नवा पासवर्ड करण्याची लिंक तुमच्या ईमेलवर पाठवली आहे. कुठल्या ईमेलवर, तर याच. बाहेर कुलूप आणि किल्ली आत. मी कॉम्प्युटरला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुसरा रस्ता होता ओटीपीचा. 'आपल्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे.' नंबर अर्धा फुल्यांनी झाकलेला. मला वाटलं, हा ह्यांचा जुना नंबर असणार. हे गेल्यावर ते सिम मी बंद केलं होतं, म्हणजे ओटीपी हवेतच जात असणार. तरी वेड्या आशेनं मी पुन्हा पुन्हा दाबत राहिले. कधी सकाळी चहा झाल्यावर, कधी दुपारी. न जाणो, एखादा माझ्या फोनवर येईल.

त्याच आठवड्यात जिन्यात काका भेटले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "सूनबाई, सांभाळून राहा. कुणीतरी चोर माझ्या मागं लागलाय." मी या घरात नवी नवरी म्हणून आले तेव्हापासून ते मला सूनबाईच म्हणतात. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "सारखे ओटीपी येतायत. सकाळी येतो, दुपारी येतो. मी आला की पुसून टाकतो. बँकेत जाऊन कार्डसुद्धा बंद करून आलो."

"बरं केलंत काका," मी म्हणाले. "अजिबात कुणाला सांगू नका हं. फार बदमाश असतात हे लोक."

"मी सांगतोय होय? आमच्या प्रेसमध्ये जन्म गेला," असं म्हणून ते वर गेले. मी घरात आले आणि पुन्हा एकदा ओटीपीचं बटण दाबलं.

हेल्पलाइनवर कुणी माणूस भेटेना. मराठीसाठी अमुक दाबा, मेलसाठी तमुक दाबा, आणि सगळं दाबून झालं की पुन्हा पहिल्यापासून तीच बाई बोलायला लागायची. शेवटी मी टेलिफोन ऑफिसात गेले. काउंटरवरच्या मुलीनं आमचा जुना नंबर घातला, पडद्याकडे बघितलं, माझ्या आधार कार्डाकडे बघितलं, आणि विचारलं, "पण मॅडम, कनेक्शन तुमच्या नावावर कुठंय?"

"ह्यांच्या नावावर असेल. वारसाची कागदपत्रं आणलीत मी."

"ह्यांच्याही नाही," म्हणून तिनं पडद्यावरचं नाव वाचून दाखवलं. ते वरच्या काकांचं होतं.

मला आधी वाटलं, कॉम्प्युटरचा घोळ आहे. मग मी समोरच्या बाकावर जाऊन बसले आणि हळूहळू आठवायला लागलं. माझ्या लग्नानंतरचं वर्ष. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, डॉक्टरला बोलवायचं तर सायकल घेऊन पळायचं. आम्ही फोनसाठी नाव नोंदवलं होतं, पण काकांनी आमच्या आधी नोंदवलं होतं आणि त्यांचा नंबर लागला. तेव्हा काका खाली आले आणि ह्यांना म्हणाले, "माझा फोन तुझ्या घरात बसव. आईला गरज आहे. आम्हाला काय, आम्ही पीपी." नाव बदलायला गेलं तर पुन्हा रांगेच्या शेवटी लागावं लागेल म्हणून नाव तसंच राहिलं. बिल आम्ही भरत राहिलो. पुढे कधीतरी मोबाइल नोंदवायची सक्ती झाली, तेव्हा हे काकांना स्कूटरवर घालून घेऊन गेले असणार. मला यातलं काही माहीत नव्हतं, आणि जे माहीत होतं ते मी पार विसरले होते. म्हणजे लाइन काकांची, मेलची पेटी काकांची, आणि काकांच्या मागे लागलेला तो चोर म्हणजे मी.

"खातेदाराला घेऊन या," मुलगी म्हणाली. "ते स्वतः आले, आधार दिलं, ओटीपी सांगितला, तर आठवडाभरासाठी पेटी उघडून देता येईल. तुमचं काय ते काढून घ्या. त्यानंतर ती कायमची बंद."

मी रिक्षातून घरी आले. ज्या माणसापासून लपवायचं, त्याच्याच सहीनं ते उघडणार! काकूंना जिन्यात गाठून सांगितलं तर त्यांना ओटीपीबिटीपी काही समजलं नाही, पण मुद्दा लगेच समजला. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "त्यांना कळलं की हे बी बंद करतील."

"नाही कळणार. मी सांगते काहीतरी."

संध्याकाळी वर गेले. काका गॅलरीत बसून लसूण सोलत होते. मी घरून पाठ करून आलेलं बोलायला लागले: त्या जुन्या मेलमध्ये माझी पेन्शनची कागदं अडकलीत, तुमचं नाव लागलंय, एकदा ऑफिसात येऊन... काकांचा लसूण सोलणारा हात थांबला. "पेन्शनची कागदं मेलमध्ये?" असं त्यांनी विचारलं, आणि मी पुढची थाप जुळवायला लागले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या. हात पिठाचे.

"खोटं कशाला बोलती गं," त्या मला म्हणाल्या, आणि मग त्यांच्याकडे वळल्या. "पोराची पत्रं येतात त्यात. हिच्याकडं. मी दर रविवारी ऐकाया जाते. आता ते बंद पडलंय, अन् तो कुठं गेलाय ते मला ठावं नाय. तुमाला यायचं तर या, नायतर नका येऊ. पन मला लय झालं आता."

मी भिंतीकडे बघत उभी. इतक्या वर्षांत काकूंना त्यांच्याशी या आवाजात बोलताना मी ऐकलं नव्हतं. मला भीती वाटत होती आणि, खरं सांगते, आनंदही होत होता.  सोललेल्या पाकळ्या काकांनी वाटीत टाकल्या, सालं कागदात गुंडाळली, आणि मला विचारलं, "ऑफिस किती वाजता उघडतं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एका रिक्षात. काकू मध्ये, काका रस्त्याकडे तोंड करून. इस्त्रीचा शर्ट, खिशात आधार कार्ड.  काउंटरवरच्या मुलीनं कार्ड घेतलं, सही घेतली आणि म्हणाली, "आता ओटीपी येईल आजोबा, तो सांगा." काकांचा फोन वाजला. त्यांनी खिशातून काढला, बघितला आणि छातीशी धरला.

"सांगा ना."

"ओटीपी कुणाला सांगायचा नसतो," काका म्हणाले.

मुलीनं समजावलं, मी समजावलं, काकूंनी कपाळावर हात मारला. तो चोर मीच होते हे मला तेव्हा कबूल करावं लागलं. त्यावर काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं गिळलं. शेवटी ते मुलीला म्हणाले, "कुठं दाबायचं ते दाखवा. मी दाबतो." तिनं हसून कीबोर्ड काचेखालून बाहेर सरकवला. काकांनी चष्मा लावला, फोन दुसऱ्या हातानं झाकला, आणि एका बोटानं एकेक आकडा शोधून दाबला. पेटी त्यांनीच उघडली.

पडद्यावर साडीवाल्यांच्या गर्दीत मुलाचं नाव पुन्हा पुन्हा होतं, ठळक अक्षरांत. सगळे मेल न वाचलेले. काकांनी पडद्याजवळ तोंड नेऊन ते नाव वाचलं. मागे रांगेत फारसं कुणी नव्हतं, म्हणून मुलीनं मला आत बोलावून आपली खुर्ची दिली. काका-काकू काचेच्या पलीकडे उभे. सगळ्यात वरचा मेल मी वाचायला लागले. आधी मनात वाचणार होते, पण काकू म्हणाल्या, "मोठ्यानं वाच. आता काय झाकायचं."

मी वाचलं. आई, तुझं उत्तर का येत नाही, मी काळजीत आहे. नव्या शाळेवर पोचलो. पत्ता पुन्हा खाली देतो. इथं पाऊस थांबतच नाही, मुलं ओल्या लाकडावर भात शिजवायला मला शिकवतात. तुझा गुडघा कसा आहे, तेल लावतेस का? सायखेड्याच्या मामाला बरं वाटलं का? खालच्या काकूंना नमस्कार. मग पत्ता, नंबर, संपलं. खालचे मेलही मी वाचून दाखवले; त्यांत हाच पत्ता आणि 'उत्तर का नाही' एवढंच होतं. मी नंबर माझ्या मोबाइलमध्ये घातला, पत्त्याचा फोटो काढला, आणि इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले.

काका अजून तसेच उभे होते. पुढचं ऐकायला थांबले होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं काका."

 ते माझ्याकडे नाही, काकूंकडे नाही, काउंटरच्या लाकडाकडे बघत म्हणाले, "माझं काही विचारतो का कधी?"

त्याचे सगळे मेल माझ्या तोंडून वाचले गेलेत. आईचा गुडघा, मामा, कॉलनीतलं कुत्रं, मी, आमचे हे, सगळ्यांची त्यानं चौकशी केली होती. बापाची एकदाही नाही. एका ओळीतसुद्धा नाही.  काल खोटं बोलू नको म्हणून मला दटावणाऱ्या काकू पटकन म्हणाल्या, "इचारतो की. दर खेपेला इचारतो. आज घाईत ऱ्हायलं आसंल."

"काय विचारतो?"

"बाबा वेळेवर जेवतात का, म्हनतो."

काकांनी मान हलवली. मी पडद्याकडे बघत राहिले, कारण काकूंकडे बघितलं असतं तर सगळंच फुटलं असतं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "उत्तर पाठवायचं तर आत्ताच पाठवा मॅडम, उद्या सर्व्हर चालेल न चालेल." मी उत्तराचं बटण दाबलं, बोटं तयार ठेवली आणि नेहमीसारखं काकूंना विचारलं, "सांगा, काय लिहू?"

काकूंनी पदर सारखा केला आणि तोंड उघडलं. पण त्यांच्याआधी काका बोलले.

"लिही, वेळेवर जेवतो म्हणावं." मग घसा खाकरून, "आणि त्याला विचार, तू जेवतोस का."

त्या मुलाला हे वाचून काय वाटेल, कुणी कधी विचारलं आणि हे उत्तर कशाचं, असा तो गोंधळेल, हे मला समजत होतं. काकूंनाही समजत होतं. त्यांनी काउंटरची कड घट्ट धरली होती आणि माझ्याकडे बघून, काकांना दिसणार नाही इतकीच, मान हलवली. मी काकांचे शब्द त्याच्या सवयीच्या इंग्रजी अक्षरांत जसेच्या तसे टाइप केले, खाली काकांचं नाव घातलं, आणि पाठवून दिले.